विकायला न काढलेला आठवडा

माझे एक मावसभाऊ पुण्यात बँकेत होते. निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी वहीच्या मागच्या पानावर एक हिशेब मांडला. त्यांच्याकडे टाइमशेअरचं सभासदत्व होतं, पंचवीस वर्षं, दरवर्षी सात रात्री. त्यांचं म्हणणं असं, की पुष्कळ सभासदांना आपल्या रात्री वापरायला सवडच होत नाही. त्या ओळखीपाळखीतून मिळवायच्या, काही पैसे टाकून जोडायच्या, आणि बावन्न आठवडे या रिसॉर्टातून त्या रिसॉर्टात राहत जायचं. फ्लॅट भाड्यानं द्यायचा. ना दूधवाल्याचा हिशेब, ना भांडी घासणारीची वाट बघणं. वहिनींना म्हणाले, "आता रिसॉर्टातच म्हातारे होऊ." वहिनींनी विचारलं, "आणि आजारी कुठं पडायचं?" दादांना तो विनोद वाटला.

हा बेत साडेदहा आठवडे चालला. पैशानं मोडला नाही. सात दिवस झाले की सकाळी दहाला खोली सोडायची आणि पुढच्या ठिकाणी दुपारी दोनला ताबा. मधले चार तास ते दोघं बॅगा घेऊन कुठल्या तरी झाडाखाली बसायचे. औषधाच्या दुकानात उधारी नाही, न्हाव्याला भांग कुठला ते ठाऊक नाही. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायची वेळ आली आणि आपण हयात आहोत हे सांगायला त्यांना पुण्याला परतावं लागलं. शेवटचं निमित्त मात्र अगदी क्षुल्लक होतं. एका रिसॉर्टात तिसऱ्यांदा गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं कोकम सरबताचा पेला पुढं केला आणि गोड हसून विचारलं, "पहिल्यांदाच येताय का, सर?"

दादा हे हसत हसत सांगतात. मला मात्र त्या प्रश्नाला धरून बरंच काही म्हणायचं आहे. कारण माझं रहिमतपूरचं वडिलोपार्जित घर गेली वीसेक वर्षं असंच टाइमशेअर झालेलं आहे, आणि तिथं आम्हा भावंडांना हा प्रश्न कुणी विचारत नाही, एवढंच.

आधी त्या मूळ कल्पनेला न्याय देऊ. युरोपात साठच्या दशकात ती उगवली. १९६३ साली स्वित्झर्लंडमध्ये हापिमाग नावाची संस्था निघाली. सुट्टीची घरं सगळ्यांची मिळून, वापरायची वाटून. पुढं १९७४ मध्ये अमेरिकेत आरसीआय आली आणि आपला इथला आठवडा देऊन दुसऱ्याचा तिथला आठवडा घ्यायची सोय झाली. आपल्याकडे १९८६ मध्ये स्टर्लिंग, १९९६ मध्ये महिंद्राची कंपनी. मध्यमवर्गाला यात भुरळ पडण्यासारखं खरंच काही होतं. वर्षातून आठ दिवस वापरायच्या बंगल्यासाठी वर्षभर माळी पोसण्यापेक्षा आठ दिवसांपुरताच बंगला घ्यावा, यात गैर काय? वर्षाचेही भाग पाडले, त्यांना रंग दिले. जांभळा सगळ्यांत महाग, मग लाल, मग पांढरा, शेवटी निळा. शाळांच्या सुट्ट्या आणि दिवाळी वरच्या रंगांत. ज्या दिवसांत कुणाला यायचं नसतं ते खालच्यात. काळाला जमिनीसारखी प्रतवारी लावली, बागायत आणि जिरायत.

पण या धंद्यातली मला सगळ्यांत बोलकी वाटणारी गोष्ट जाहिरातीत नसते. ठरावीक आठवडा विकायची जी जुनी पद्धत होती, तिच्यात एका खोलीचे सगळे बावन्न आठवडे सहसा विकत नसत. एखाद-दुसरा आठवडा राखून ठेवत. त्या दिवसांत नळ दुरुस्त होतात, गाद्या उन्हात पडतात, भिंतीला रंग लागतो. त्या आठवड्याला मालक नाही, पाहुणा नाही, भाव नाही. आणि तो नसेल तर उरलेले एक्कावन्न दोन-चार वर्षांत राहण्याजोगे राहणार नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे, की एखाद्या जागेत कोण राहतो हे ठरवायचं असेल तर ज्यांच्याकडे विकलेले आठवडे आहेत त्यांची यादी बघू नये. न विकलेल्या आठवड्यात तिथं कोण होतं ते बघावं.

हे माझं एकट्याचं तिरपागडं मत नव्हे. आपल्या कायद्यालाही हे उमजलेलं आहे. मतदार यादीत नाव यायला माणूस त्या मतदारसंघातला 'सामान्यतः रहिवासी' असावा लागतो, आणि १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या विसाव्या कलमात स्पष्ट म्हटलंय, की केवळ घर मालकीचं आहे किंवा ताब्यात आहे एवढ्यावरून कुणी तिथला सामान्यतः रहिवासी ठरत नाही. लगेच पुढं असंही आहे, की तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचं रहिवासीपण संपत नाही. म्हणजे असणं-नसणं दिवसांच्या मोजदादीवर नाही आणि कागदावरही नाही. मग कशावर? कायदा तिथं गप्प बसतो आणि अधिकाऱ्यावर सोपवतो. बरं करतो.

आता कुणी म्हणेल, काळ वाटून घेण्याची ही पाश्चात्त्य टूम आपल्या माणसाच्या अंगवळणी पडायची नाही. मला उलटं वाटतं. काळाची वाटणी मराठी माणसाइतकी कुणी केली नसेल. आपल्याकडे तिला पाळी म्हणतात. देवळात गुरवाची पाळी, कालव्याला पाण्याची पाळी, गिरणीत रातपाळी. आमच्या घराण्यात पाटीलकीची पाळी होती. चार तक्षिमा, आळीपाळीनं एकेकीकडे पाटीलकी. या पाळ्यांवरून भांडण-तंटे इतके होत, की इंग्रजांना १८७४ साली वतनांचा वेगळा कायदा करावा लागला आणि कुठल्या घराण्यातल्या कुणी कधी काम बघायचं याची व्यवस्था त्यात लावून द्यावी लागली. १९६२च्या कायद्यानं पाटीलकी गेली. आजोबांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत "आपल्या पाळीत" असंच असायचं. आपल्या पाळीत चावडी शाकारली, आपल्या पाळीत पटकी आली. आपल्या पाळीत हक्क काय मिळाला हे ते क्वचित सांगत. अंगावर काय पडलं हेच सांगत. पाळी आणि पाळणं यांच्या व्युत्पत्तीत मला शिरायचं नाही. कानाला ते दोन्ही एकत्र ऐकू येतात, एवढं खरं.

आणि टाइमशेअरमध्ये बारा महिने राहिलेली माणसं बघायची असतील तर लालबाग-परळला जावं लागेल. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या. माझे चुलत आजोबा तिथल्या एका गिरणीत साच्यावर होते आणि गावकीच्या खोलीत राहायचे. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या कितीतरी गावांनी चाळींतून अशा खोल्या धरलेल्या होत्या. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं. एवढी माणसं त्या दहा बाय बारात मावली कशी, याचं उत्तर गिरणीच्या भोंग्यात होतं. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की तिसऱ्या पाळीचा येऊन त्याच जागी वळकटी पसरायचा. प्रत्येकाच्या मालकीचा एक खिळा, एक ट्रंक आणि चोवीसातले काही तास. जेवण खानावळीत, गावाकडच्याच एखाद्या बाईच्या हातचं. अशाच खानावळवाल्या बायकांची संघटना म्हणून १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

त्या खोलीचे गोडवे गायचं कारण नाही. ती गरिबी होती, आणि बायकापोरं गावाकडे ठेवून आलेल्या पुरुषांची उपासमार होती, पोटाची सोडून इतर सगळी. पण तिच्यात आणि रिसॉर्टात एक फरक आहे तो नोंदवण्यासारखा. तिथल्या गादीवर आपल्या आधी कोण निजलं होतं हे माणसाला ठाऊक असायचं. त्याच्या मुलीचं लग्न कुठं अडलंय हेही. तो तापानं फणफणला तर आपले तास सोडून बाकीचे जिन्यात निजायचे. रिसॉर्टचा सगळा खटाटोप नेमका उलट्या गोष्टीसाठी असतो: चादर अशी ताणायची, साबण असा नवा ठेवायचा, की आधी इथं कुणी नव्हतंच असं वाटावं. आधीच्या माणसाचा केस न्हाणीत सापडला तर तक्रार. म्हणून तिथं एक्कावन्न कुटुंबं एक खोली पंचवीस वर्षं वाटून घेतात आणि एकमेकांची तोंडंही बघत नाहीत. याला मी शेजार म्हणत नाही, आणि शेजाराशिवाय राहणं होत नाही. दादांचा बेत मोडला तो इथं.

आता रहिमतपूर. कमंडलू नदीच्या काठचं जुनं पेठेचं गाव, मिरज लाइनवरचं स्टेशन. गावाबाहेर गेलेल्यांचा अभिमान बाळगण्यात आम्ही कुणाला हार जात नाही. नाटककार वसंत कानेटकर जन्मले इथं, हयात गेली नाशकात; तरी ते आमचे. बारा महिने तेरा काळ गावात मुक्कामाला असलेला नामवंत एकच, ज्याच्या नावानं इथला मकबरा ओळखला जातो तो आदिलशाहीतला सरदार रणदुल्लाखान.

आमच्या वाड्याच्या सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर सतरा नावं आहेत. हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीनंतर आत्या आणि त्यांच्या मुली धरल्या तर आणखी वाढतील, आणि वाढायलाच हवीत. रिसॉर्टच्या सभासदाचं नाव सात-बाराला लागत नाही. त्याच्या हाती करार असतो, जागा नाही. आमचं उलट. नाव पक्कं, माणूस नाही. पुणे, कळंबोली, सांगली, एक जण थेट मेलबर्न. त्यामुळं कुणी न ठरवता ऋतूंना रंग लागत गेले. गावची यात्रा जांभळी, तेव्हा सगळेच. मे महिना लाल, आमरसापुरता. गणपती थोरल्यांकडे. हुरड्याच्या दिवसांत एखादा शनिवार-रविवार, तोही मुलांना शेत दाखवायला. मोबाइलवर घराचा गट आहे, त्यावर "आम्ही पंधरा ते एकोणीस" असं टाकायचं, की झालं बुकिंग.

उरलेले सगळे दिवस तिथं माझी धाकटी काकी असते. काका जाऊन अकरा वर्षं झाली. तिला कुणी ठेवलेलं नाही; ती राहिली. उतारा काढला तर सतरांतली एक.

२०२०च्या मार्चमध्ये या व्यवस्थेचं पितळ उघडं पडलं. टाळेबंदी लागली आणि मुंबई-पुण्याची माणसं गावाकडं लोटली. वेशीवर काट्या टाकल्या होत्या, शाळांतून चौदा दिवस काढावे लागत होते. ते काढून आम्ही पाच कुटुंबं एकदम वाड्यात शिरलो. सगळ्यांचे सगळे आठवडे एकाच वेळी लागले. पहिले आठ दिवस यात्रेसारखे गेले. मग कळायला लागलं, की मोटार किती वेळ चालवली की जळते ते फक्त काकीला माहीत आहे. मागच्या सोप्यावरची कौलं कुणी चाळायची, कुठल्या दाराला वाळवी आहे, पाणीपट्टी कुठल्या डब्यात, शेजारच्यांशी बोलणं कशावरून बंद आहे आणि ते खरं की खोटं. आम्ही सोळा मालक त्या घरात पाहुण्यासारखे चमचा शोधत फिरत होतो. जूनमध्ये निर्बंध सैल झाले तसे एकेक निघालो. जाताना थोरल्या बंधूंनी पुढच्या वर्षासाठी तक्ता करायचं सुचवलं, कुणी कुठला आठवडा यायचं तो. पुन्हा गर्दी नको. काकी चुलीपुढनं म्हणाली, "तुमचं आठवडं ठरलं व्हय? ब्येस झालं. मग पावसाळा कुणाचा?"

यावर आम्ही हसलो. हसण्यासारखं त्यात काय होतं, हे मला अजून सांगता आलेलं नाही.

इथं एक गोष्ट कबूल केली पाहिजे, आणि ती घराघरातल्या गावप्रेमी मंडळींना आवडणार नाही. रिसॉर्टची कंपनी या बाबतीत आमच्यापेक्षा प्रामाणिक आहे. ती दरवर्षी देखभालीचं शुल्क मागते. तुम्ही या, नका येऊ, मागते. सभासद यावरून कुरकुरतात, ग्राहक आयोगात जातात, आणि शुल्क भरमसाट वाढवलं तर जावंही. पण तत्त्व बरोबर आहे: जागा टिकते ती कुणाच्या तरी कष्टानं, आणि त्या कष्टाला किंमत आहे. आमच्या वाड्यात त्या रकान्याचं नाव माया. घरपट्टी काकी भरते, कारण नगरपरिषदेचा माणूस तिच्याच दारात येतो. शाकारणी तीच करून घेते. आम्ही जाताना तिच्या हातावर पाचशेची नोट ठेवतो, ती नको नको म्हणते, आणि दोन्ही बाजूंना बरं वाटतं.

तर मग जो बारा महिने राहील त्याचंच घर, असं म्हणून टाकावं का? मोह होतो. पण पंढरपूर आठवतं. बडवे तर विठोबापाशी पिढ्यान्पिढ्या बारा महिने होते; आम्ही आषाढी-कार्तिकीचे. त्यांच्याही पाळ्या होत्या, आणि पाळीतलं उत्पन्न गोळा करायच्या हक्काचे लिलाव व्हायचे. राहता राहता राखणदाराला आपण धनी आहोत असं वाटू लागतं आणि दारात आलेला वारकरी उपरा दिसू लागतो. पंढरपूरच्या मंदिरांसाठी १९७३चा कायदा झाला, चार दशकं कोर्टात गेली, जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो विषय संपला आणि बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क गेले. ते योग्यच झालं. म्हणजे सतत असण्यातून हक्क उपजतो, पण तो दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवण्याचा हक्क नव्हे. मला वाटतं तो एवढाच असावा: त्या जागेबद्दल काही ठरवायचं झालं तर पहिला शब्द त्याचा, आणि पळून जायची मुभाही त्याला. या दुसऱ्या अर्ध्याचा विचार आपण सहसा करत नाही. राहणाऱ्यानं राहिलंच पाहिजे, असं जाणाऱ्यांनी गृहीत धरलेलं असतं.

आमच्या सातारा जिल्ह्यात हे फार मोठ्या पटावर दिसतं. महाबळेश्वर हे जन्मापासून पाळीचं गाव. १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर माल्कमनं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून जागा घेऊन ते वसवलं, आणि पुढं मुंबईचं अख्खं सरकार उन्हाळ्यात तिथं, पावसाळ्यात पुण्याला, थंडीत मुंबईला असं फिरायचं. वेण्णा तलाव मात्र साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधून घेतला. पावसाळा लागला की बंगल्यांना गवताचे जाड पडदे बांधायचे आणि साहेबलोकांनी खाली उतरायचं. साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर कोसळणारा तो पाऊस मग कुणाचा? पडदे बांधणाऱ्याचा. आजही जावळी-कोयनेकडचा पोरगा निळ्या रंगाच्या दिवसांत रिकाम्या खोल्यांचे पंखे लावून भिंती सुकवत असतो. बारा महिने रिसॉर्टात राहायचं दादांचं स्वप्न तोच जगतो. फक्त त्याची खोली मागच्या बाजूला, जनरेटरला लागून असते.

आणि आता त्याचं गावही त्या रंगात येऊ घातलंय. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र. तिथली बांधकामाची भूक भागेना म्हणून सरकारनं 'नवीन महाबळेश्वर' काढलं, सातारा, जावळी, पाटण तालुक्यांतली सुरुवातीला २३५ गावं धरून. कोयनेच्या पाण्याखाली एकदा घरं गेलेली माणसं त्यात आहेत. पर्यटनानं रोजगार येईल, हे मी नाकारत नाही. पोरं मुंबईला माथाडीत जाण्यापेक्षा घरची भाकरी बरी. पण आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात तेव्हा दरीच्या बाजूची खोली विकत घेणारा आणि त्या दरीत पावसाळा काढणारा यांचं म्हणणं एकाच तराजूत पडतं. लवासाचं काय झालं ते समोर आहे. सुट्टीचं शहर म्हणून उभं केलं, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली, आणि जे थोडे लोक खरंच तिथं राहायला गेले होते ते रस्ते-पाण्यासाठी दारं ठोठावत बसले. सुट्टी संपल्यावर शहराचं काय करायचं, हा रकाना आराखड्यात नव्हता.

मोठ्या पटावर मी फार काही करू शकत नाही. लहान पटावर गेल्या वर्षी एक केलं. दादांचं सभासदत्व अजून शिल्लक आहे. त्यांच्या सात रात्री काकीला दिल्या, महाबळेश्वरच्या, जुलैमधल्या, कारण तेवढ्याच उरल्या होत्या. ती म्हणाली, "आन् हितं?" मी म्हटलं, मी राहतो. तिचा विश्वास बसला नाही. पण गेली, माझ्या बहिणीला सोबत घेऊन.

दुसऱ्याच रात्री रहिमतपूरला वाऱ्यापावसानं झोडपलं. माजघरात तीन ठिकाणी धार लागली. एकीखाली पातेलं ठेवलं, दुसरीखाली बादली. तिसरी नेमकी कणगीच्या वर. कणगी हलेना. वीज गेलेली. रात्री साडेअकराला फोन लावला. काकी जागीच होती. तिथं म्हणे खोलीत ओलीचा वास येतो, पोराला सांगून भिंतीकडचं कपाट पुढं ओढून घेतलंय.

"पोटमाळ्यावर जा," ती म्हणाली. "डाव्या हाताला पत्र्याचा तुकडा हाय. त्यो तिसऱ्या वाशात खुपस. तिरका. पाणी भितीकडं जातंय."

टॉर्च तोंडात धरून शिडी चढलो. वर अंधारात पत्रे दोन होते. फोन खाली राहिला होता, आणि त्यातून ती काहीतरी सांगत होती, ते मला पावसात ऐकू येत नव्हतं.